घरातलं माणूस

बरोबरच्या खुणेची शेपटी चौकोनाबाहेर आली होती. थोडीशीच, तांदळाच्या दाण्याएवढी, पण आली होती खरी. आणि पंढरीनाथची नजर सकाळपासून तिथेच अडकत होती, कारण हाटकेशच्या भांडी बनवायच्या गाळ्यात तेहेतीस वर्षं ज्याने स्टीलच्या वाट्या तपासल्या, काठावरून बोट फिरवून, ट्यूबलाइटखाली धरून, जराशी धार राहिलेली वाटी बाजूला काढून ठेवली, त्या माणसाला अशी शेपटी दिसणारच. हॉस्पिटलच्या फॉर्मची झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर पडली होती. त्यावर चार चौकोन एकाखाली एक – विवाहित, अविवाहित, विधुर, घटस्फोटित. खूण पहिल्यावर. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या बाकावर बसून, मांडीवरच्या फाइलीचा आधार घेऊन, त्याने स्वतःच केलेली... हात थरथरला म्हणून शेपटी आली नव्हती. घाईमुळे आली होती. कोणी बघायच्या आत एखादी वस्तू खिशात घालावी, तसली घाई.

तशी ती खूण खोटी कुठे होती? लग्न झालं होतं. मोडलं नव्हतं. बायको, गिरिजा, जिवंत होती, सुखरूप होती, राई गावात भावाच्या घरी राहत होती – अकरा वर्षं. आता यासाठी पाचवा चौकोन कोणी छापलाच नसेल, तर त्यात पंढरीनाथचा काय दोष! असं तो स्वतःला बजावायचा, आणि बजावल्यावर दोन-तीन दिवस बरे जायचे.

आजचा दिवस मात्र बरा जाणार नव्हता. सकाळी सातलाच मोबाइलवर सुरुचीचा निरोप आला होता. ही हॉस्पिटलातल्या पेशंटांच्या पाहणीचं काम बघणारी मुलगी, तीन वर्षं दर सहा महिन्यांनी न चुकता फोन करणारी. काका, आज चार वाजता कॉल करते. काकूंना घरीच थांबायला सांगा प्लीज, त्यांच्याशीच बोलायचंय.

गेल्या वेळी काकू बाजारात गेल्या होत्या. त्याच्या आधी देवळात. त्याच्या आधी भाच्याच्या साखरपुड्याला – त्या वेळी तर पंढरीनाथ इतका रंगात आला होता, की साडीचा रंगही सांगून बसला. पण या वेळी प्रकरण निराळं होतं. गेल्या महिन्याच्या स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके दिसले होते, साबुदाण्याएवढे, आणि डॉक्टरांनी उद्यापासून एका गोळीच्या दोन करायला सांगितल्या होत्या. पहिले पंधरा दिवस जपायचे. उलट्या, चक्कर, अंगावर सूज, आणि शौचाला काळं झालं तर एक तासही न थांबता उचलून आणायचं. ‘घरी कोण आहे बघायला?’ डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं होतं. कोणी नसेल तर वॉर्डात ठेवून घेणार होते. ‘मिसेस आहे,’ पंढरीनाथ म्हणाला होता. इतकं सहज, इतकं सराईत, की डॉक्टरांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. आणि आता त्या मिसेसला सगळं नीट समजावून द्यायचं होतं. चार वाजता.

त्याने गोळी घेतली. नाश्त्यानंतर, मोठा पेला भरून पाण्याबरोबर, सांगितल्याप्रमाणे. आज शेवटची एकटी गोळी.

रोगही असा निवडला होता नशिबाने, की नाव सांगितलं तरी समोरच्याचा चेहरा कोरा. आतड्याच्या भिंतीत उगवणारी गाठ, जिस्ट म्हणतात. लाखात एखाद्याला. सुरुवातीला पंढरीनाथला त्याचा किंचित अभिमानही वाटला होता – आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याकडे काहीतरी दुर्मीळ आहे म्हणून. मग हळूहळू सगळं पाठ झालं. माणूस किती जगणार हे कशावर ठरतं, तर गाठ केवढी होती त्यावर. कुठे होती त्यावर, म्हणजे जठरात असली तर बरी, लहान आतड्यात असली तर वाईट, आणि त्याची लहान आतड्यात. पेशी किती वेगाने दुभंगत होत्या त्यावर. काढताना फुटली की सलग निघाली त्यावर. त्याची सलग निघाली होती. आठ सेंटिमीटर. वयावरही थोडं. हे सगळं ठीक होतं, पोटातलं होतं, पोटातल्या गोष्टींना माणूस काय करणार. पण एकदा तपासणीला गेला असताना शेजारी बसलेल्या सुरुचीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला होता. पडद्यावर दोन रेघा होत्या, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणाऱ्या, एक भराभर, एक सावकाश.

‘ही वरची कोणाची?’

‘लग्न झालेल्यांची,’ ती हसून म्हणाली. ‘खालची एकट्यांची. घरात माणूस असलं ना काका, की पेशंट जास्त टिकतो. आम्हाला पण आधी वाटलं नव्हतं. तुम्ही वरच्या रेघेत हं!’

बक्षीस दिल्यासारखं म्हणाली होती बिचारी. आणि प्रत्येक पायरी म्हणजे कोणीतरी गेलेलं माणूस, हे तिने सांगितलं नाही तरी त्याला समजलं होतं. तेव्हापासून हा एक नवाच घोर लागला. बाजूला काढायची वाटी आपण चांगल्या वाट्यांच्या ढिगात सरकवली आहे, आणि आपण गेलो की वरची रेघ उगाचच एक पायरी खाली येईल. बाकीचे नवरे-बायका सुखाने नांदतायत त्या रेघेवर, आणि त्यांच्यात हा भामटा!

पण का टिकतो? घरात माणूस असलं की नेमकं काय होतं?... याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, तेच तर दुखणं होतं. आजार कळायच्या आधी आठ महिने तो दोन जिने चढताना मध्ये थांबत होता. वय झालं, म्हणत होता. आरशात चेहरा पांढरा दिसायचा, तर दिव्याचा दोष. शौचाला काळं व्हायचं, तर काल खाल्लेल्या कशाचं तरी. शेवटी रेशनच्या रांगेत कोसळला तेव्हा अंगात रक्त उरलं होतं ते नावापुरतं. गिरिजा असती तर आठव्या दिवशी खालची पापणी ओढून बघितली असती. कोणी जरा गळून बसलेलं दिसलं की ती आधी पापणी ओढायची, विचारत नसे, ओढायचीच. तिच्या बोटाला लसणाचा वास असायचा, तो चुकवायला पंढरीनाथ मान फिरवायचा, आणि ती म्हणायची, ‘हलू नका हो, लहान आहात का?’ आठ महिने. आठ महिन्यांत गाठ किती सेंटिमीटर वाढते, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं, हीच खरी गंमत. भांडण झालं असतं तर समेट तरी करता आला असता. गिरिजाची आई अंथरुणाला खिळली. ती आधी शनिवार-रविवार राईला जायची, मग अधूनमधून बुधवारीही. एका संध्याकाळी तो कामावरून घरी आला तर कुलूप, आणि भात झाकून ठेवलेला, थंड. ती आठच्या सुमाराला आली, धापा टाकत, आणि पायातल्या चपला काढायच्या आत पंढरीनाथ म्हणाला, ‘तिकडेच राहा की मग.’ एवढंच. भुकेच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. तिने भात गरम केला, वाढला. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि गेली. मूलबाळ नव्हतं, मध्ये पडायला कोणी नव्हतं. दोन वर्षांनी म्हातारी गेली तेव्हा तिचा भाऊ धर्माजी याचा फोन आला होता.

‘दाजी, आई गेली. आता ताईचं हिथं काय काम हाय? कवा येताय न्यायाला?’

‘मी कुठे पाठवलंय तिला?’ पंढरीनाथ म्हणाला होता. ‘आपल्या पायाने गेली, आपल्या पायाने येईल.’

किती बरं वाटलं होतं तेव्हा ते वाक्य! दिवसभर गाळ्यात वाट्या तपासताना मनातल्या मनात परत परत म्हणून बघितलं होतं. मग दोघांची जुनी खोली गेली, तो या सिल्व्हर पार्कातल्या घरात आला, आणि या घरात गिरिजाने कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक म्हणून सही शेजारच्या हंसाबेनच्या नवऱ्याने केली.

गेल्या वर्षी एकदा राईला गेला होता खरा. गोळीने डोळ्यांभोवती सूज यायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि त्या दिवशी कोणाशी तरी बोलायला हवं असं इतकं अनावर झालं, की तो भाईंदर पश्चिमेला जाऊन उत्तनच्या बसमध्ये बसला. राईचं तिकीट काढलं. राई आली, बस थांबली. तिठ्यावरच्या भाजीवालीपाशी एक बाई वाकून मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होती, पाठमोरी, पाठीला जरा बाक आलेला. गिरिजाच होती किंवा नव्हती. पंढरीनाथने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. उठायचं म्हणून धरला होता, पण... बस सुटली. थोड्या वेळाने कंडक्टर आला.

‘काय काका, राई बोललेलात ना? राई कवाच गेली.’

‘हो का? डुलकी लागली वाटतं,’ तो म्हणाला, आणि उत्तनपर्यंतचं वरचं तिकीट काढलं. तसाच त्याच बसने परत आला. येताना राईच्या बाजूची खिडकी त्याने मुद्दाम टाळली.

दुपारी बेल वाजली. हंसाबेन, हातात थेपल्यांची ताटली.

‘पंढरीभाई, ये गरम है, खा लो. भाभी गाँव से आयी कि नहीं? छे साल हो गया, मैं तो एक बार भी देखी नहीं उनको.’

‘आएगी, आएगी. उधर भाई का सब देखना पड़ता है ना.’

‘अभी बुला लो. ऐसे तबियत में कोई अकेला रहता है?’

दार लावून तो थेपले घेऊन बसला आणि क्षणभर त्याच्या मनात आलं, हंसाबेनलाच फोनवर उभी केली तर? पण ती पहिल्याच वाक्याला ‘केम छो’ म्हणेल. तो एकटाच मोठ्याने हसला. हसू संपल्यावर घरात पुन्हा फ्रिजची घरघर तेवढी उरली, आणि त्याला फार एकटं वाटलं. नेहमी वाटायचं त्याहून वेगळं; नेहमीचं एकटेपण अंगवळणी पडलं होतं, गुडघेदुखीसारखं. हे आजचं भयाचं होतं. उद्या दोन गोळ्या. परवा चक्कर येऊन मोरीत पडलो तर कडी आतून लावलेली. कडी लावायची नाही, ठरलं. दारही नुसतं ओढून घ्यायचं. पण मग हंसाबेन तरी किती वेळा डोकावणार? सुरुचीला खरं सांगून टाकावं, की मुली, मी खालच्या रेघेतला आहे, ठेवून घ्या वॉर्डात... किंवा गिरिजाला फोन करावा, धर्माजीचा नंबर आहेच. काय बोलणार? अकरा वर्षांनी फोन करून, मला बरं नाही, ये? कामापुरती आठवण आली म्हणेल. म्हणेल कसली, गप्प बसेल. ते गप्प बसणं त्याला ऐकवलं नसतं.

चारला पाच मिनिटं असताना त्याने शर्ट बदलला. कशासाठी, कोण जाणे.

‘काका, कसे आहात? जेवलात?’ सुरुची. ‘काकू आहेत ना आज?’

‘आहे की.’

‘द्या ना त्यांना. लिहून घ्यायला सांगा, थोडं सावकाश सांगते. खरंच महत्त्वाचं आहे काका.’

‘थांब, बोलावतो.’

फोन टेबलावर ठेवून तो स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. बेत साधा होता – दोन हाका मारायच्या, परत यायचं, म्हणायचं, शेजारी गेली वाटतं, मलाच सांग, मी सांगतो तिला. फोन चालू होता, म्हणजे हाक ऐकू जायला हवी, खरी वाटायला हवी.

‘अगं ए!’

आवाज अगदी बेताप्रमाणे निघाला. जुना, खणखणीत, कामावरून आल्यावर उंबऱ्यातून निघायचा तसा. त्याचं त्यालाच नवल वाटलं, की हा अजून आहे आपल्या घशात. ओट्यावर सकाळचा कप पालथा होता. खिडकीत फडकं वाळत होतं. तो थांबला, हाक मारल्यावर माणूस जेवढं थांबतं तेवढा. आणि मग दुसरी हाक मारायची म्हणून तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर आलं.

‘गिरिजा!’

संसाराच्या एवढ्या वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारलीच नव्हती. घराण्यात पद्धत नव्हती, गरजही पडली नव्हती. आवाज मघाचा नव्हता, फाटला होता जरा. तो दाराची चौकट धरून उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपला कान लागलाय. खरोखर लागलाय. हात पदराला पुसत, ‘आले हो, ओरडता कशाला,’ असं काहीतरी यायला हवं होतं आतून. आलं नाही. आणि पंढरीनाथला राग आला. चांगला सणसणीत राग, कानशिलं तापवणारा – एवढी हाक मारतोय मी, अंगात बळ नसताना मारतोय, आणि ही बाई ओ देत नाही! अकरा वर्षं ओ दिली नाही हिने!... राग तसाच वर चढत गेला आणि मध्येच कुठेतरी त्याला धरायला काही सापडेना. कारण अकरा वर्षांत ही पहिलीच हाक होती. आत्ताची. याच्या आधी त्याने मारलीच नव्हती.

‘काका?’ टेबलावरून बारीक आवाज येत होता. ‘हॅलो, काका? काकू नाहीत का घरी?’

तो टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला, फोन कानाला लावला. शेजारी गेली, हे वाक्य तयार होतं, पण ते तोंडाशी येईना, आणि दुसरं वाक्य अजून जुळलं नव्हतं. सुरुचीला सांगायला हवं होतं काहीतरी. पण पंढरीनाथचा कान अजून स्वयंपाकघराकडेच होता, आणि त्याला एवढंच वाटत होतं, की ऐकू गेलं नसेल तिला. इथून राई काही जवळ नाही.