उंबऱ्याखालचं हळकुंड

उमरेड रस्त्यावरच्या त्या बंगल्यांच्या वसाहतीबाहेर भला मोठा फलक आहे. ‘बांधकाम : विदर्भाच्या भरभराटीचा पाया’ असं त्यावर लिहिलंय आणि शेजारी हेल्मेट घातलेली एक मजूर बाई हसते आहे. आत राबणाऱ्या पंचफुलेच्या डोक्यावर मात्र चुंबळ असते आणि चुंबळीवर विटा. अठरा वर्षं झाली.

तिचा नवरा कवडू मिस्त्री. त्यांच्या टोळीची एक रीत होती. दाराची चौकट बसवताना उंबऱ्याखाली हळकुंड ठेवायचं, ते मिस्त्रीच्या बायकोनं. कवडूनं बांधलेल्या प्रत्येक घरात ते पंचफुलेनं ठेवलं होतं. या आठ नंबरच्या बंगल्याच्या भिंतीही त्यानंच उचलल्या. मग महिन्यापूर्वी शेजारच्या इमारतीच्या परांचीवरून पडून तो गेला. तेरावं आटोपून पंचफुला लगेच कामावर आली, कारण चूल काही सुतक पाळत नाही.

आज त्याच बंगल्याची चौकट बसणार होती. पंचफुला पदराच्या गाठीत हळकुंड बांधून आली. नवऱ्याच्या हातचं हे शेवटचं घर, एवढं एक ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

ठेकेदार शालिकरामनं तिला वाळूच्या ढिगापाशीच अडवलं.

“पंचफुला, तू आज मांगच्या बाजूले राह्य वं. मालकीनबाई आल्या हायेत. शुभकार्य हाय.”

“भाऊ, ह्या भिंती त्याइनंच उचलल्या नं?”

“मले समजत नाई का? पन लोकं काय म्हनतीन?”

ती मागच्या भिंतीआड गेली. हळकुंड ठेवायला त्यानं नव्या मिस्त्रीच्या बायकोला, मिनलला बोलावलं. मिनलला सहावा महिना होता. हातात पूजेचं ताट घेऊन ती सरळ भिंतीमागं गेली.

तिनं पंचफुलेचा हात धरला. “चाल मावशी, तूच ठेव.”

पंचफुलेनं हात सोडवून घेतला. “नको वं बाई. तुह्या पोटातल्याले काही झालं, तं मी कोनाले तोंड दाखवू?”

इथं जीव गलबलतो. ठेकेदाराचं बोलणं एक वेळ सोसता येईल, पण त्या माउलीला ते खरंच वाटत होतं!

मिनलनं ताट खाली ठेवलं, ते पुन्हा उचललं नाही. शेवटी मालकीण प्रेमलताबाईंनीच हळकुंड ठेवलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पंचफुलेचा पेढा मागं पाठवला.

दुपारी उन्हानं उंबऱ्याचं सिमेंट सुकू लागलं तशी शालिकरामनं हाक मारली, “पंचफुला, चौकटीले पानी मार!”

मिनल उसळली. “पूजेले तिचा हात चालत नाई, अन् पान्याले कसा चालते गा भाऊ?”

शालिकराम खाली पाहू लागला. प्रेमलताबाईंनी पेढ्यांचा डबा उगाच उघडला, मिटला.

पंचफुला मात्र बादली घेऊन उठली. “राहू दे वं. तडा गेला तं त्याइचंच नाव खराब होईन.” आणि तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं ती ओंजळीनं पाणी घालत राहिली. डोळ्यांना धार लागली होती. पदराची गाठ भिजली, पण सुटली नाही.

“पुढच्या चौकटीले हे गाठ सोडाची, मावशी,” मिनल म्हणाली. “तुले मांगं पाठवलं, तं आमच्यातली एकबी घमेलं उचलनार नाई.” बाकीच्या बायांनी माना हलवल्या. पंचफुलेनं भिजली गाठ पदरासकट कमरेला खोचली.

वाचकहो, आज घरी शिरताना उंबऱ्यापाशी जरा थांबा. त्याला पहिलं पाणी कोणी घातलं होतं? आणि पूजेच्या दिवशी तिला तुम्ही कुठे उभं केलं होतं?