पेरोजवहिनीला काळ्यातून काढायचं होतं

मला मेलीला चौकशांची भारी खोड. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी ते कुणाच्या हातून पडलं हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. माझा नवरा फाएक म्हणतो, "शिलेर, कबरीत सवाल करायला फरिश्ते येतात ना, ते तुझ्याकडे आले की तूच त्यांची उलटतपासणी घेशील. बिचारे पळून जातील."

पण त्या ईदच्या सकाळी मी कुणाला काही विचारलं नाही. टीव्हीवर सांगितलं की पहाटे त्याला, बगदादच्या त्या हुकूमशहाला, फासावर चढवला. त्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत, तेव्हा इथंही घेणार नाही. मी ओरडले, रडले, अंगणात गरगर फिरले, सगळं एकदमच. फाएक बंदूक घेऊन छपरावर चढला आणि बार काढायला लागला.

"अहो, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडाल!"

"पडू दे! आजची भोकं माफ!"

माझा थोरला भाऊ सालार त्याच्याच सैनिकांनी नेला. उत्तर इराकात, गर्मियानातल्या आमच्या गावात ट्रक आले, बाप्ये तेवढे वेगळे काढले, चढवले आणि गेले. आम्ही कुर्द, एवढाच गुन्हा. त्याला अठरा वर्षं झाली. ना प्रेत मिळालं, ना कबर, ना कुणाचा निरोप. ईदच्या सकाळी सगळ्या बायका खाऊ घेऊन कबरस्तानात जातात, आपापल्या माणसाच्या उशाशी बसतात. सालारची बायको, माझी पेरोजवहिनी, कधीच जात नाही. बसणार कुणाच्या उशाशी?

आमच्यात घरात मयत झालं की बायका काळे कपडे घालतात. दिवस भरले की नात्यातली एखादी मानाची बाई रंगीत कापड घेऊन येते, तिच्या खांद्यावर टाकते आणि म्हणते, "आता पुरे, बाई." मग ती काळं उतरवते. माणूस मारला गेला असेल तर मारणाऱ्याचं रक्त सांडल्याशिवाय कुणी कापड नेत नाही. मी स्वतः आईच्या हट्टापायी लवकर काळं टाकलं. वहिनीनं मात्र आजतागायत दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. तिच्यासाठी हिरवं, पिवळ्या फुलांचं कापड मी किती वर्षं पेटीत जपून ठेवलं होतं! म्हटलं, आज नाही तर कधी? दोन शेजारणी बरोबर घेतल्या आणि निघाले.

वहिनी अंगणात बसून खजुराचं सारण भरून ईदच्या कुलिचा वळत होती. बार ऐकले होते, बातमीही ऐकली होती. मी पुढं झाले, कापड तिच्या खांद्यावर टाकलं.

"आता पुरे, वहिनी. मेला एकदाचा!"

तिनं पिठाचे हात झटकले, दोन बोटांनी कापड उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"कुणाचा दुखवटा संपवायला आलीस?"

"कुणाचा म्हणजे? सालारचा."

"सालार मेला हे तुला कुणी सांगितलं?"

माझ्या शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, अगं अठरा वर्षं! वेड पांघरतेस की काय? ते कुणाला जिवंत ठेवणारे होते का?"

"नसतील. मलाही अक्कल आहे. पण कुठं नेला, कुठं पुरला, पाणी तरी पाजलं का, हे ज्याला माहीत होतं त्याचंच तोंड तुम्ही बंद केलंत. वर मिठाई वाटताय." तिचा आवाज चढला. "मला बगदादला बोलावलंय, ठाऊक आहे ना? ईद झाली की आपल्या माणसांच्या खटल्यात माझी साक्ष. त्याच्यासमोर उभी राहून एकच गोष्ट विचारणार होते. आता कुणाला विचारू? दोराला?"

खरं सांगते, मला सणसणून राग आला. ज्यानं माझा भाऊ खाल्ला त्याच्या मरणाचं हिला दुःख! "रडत बस मग त्याच्या नावानं," म्हणाले आणि कुलिचाला हातही न लावता कापड काखेत मारून घरी आले.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ईदचा पाहुणचार करता करता मी ज्याला त्याला विचारत सुटले. फाएकला म्हटलं, "अहो, आपल्या खटल्याचा निकाल लागायच्या आधीच फाशी कशी दिली?"

"दुसऱ्या एका गावाच्या खटल्यात दिली. तिथंही माणसं मारली होती त्यानं."

"मग आपल्या माणसांचं काय?"

"अगं, मान एकच होती त्याला. ती कुणाच्या नावावर मोडली, काय फरक पडतो?"

मला पडत होता. मुल्ला ईदच्या भेटीला आले तेव्हा त्यांच्या हातात चहा दिला आणि तिथंच धरलं. "मुल्ला, खुनाच्या बदल्यात जीव घ्यायचा, पैका घ्यायचा, का माफ करायचं, हे कुणी ठरवायचं?"

"मेलेल्याच्या वारसांनी. हा हक्क खुदानं त्यांना दिलाय."

"मग पेरोजला कुणी विचारलं?"

मुल्लांनी चहात साखर ढवळली. मग म्हणाले, "शिलेर, तू पुरुष असतीस तर तुला मदरशात घातली असती."

"पुरुष असते तर मलाही ट्रकात घातलं असतं," मी म्हटलं.

ईद सरली आणि वहिनीबरोबर बगदादला जायची वेळ आली. सालारची सख्खी बहीण म्हणून साक्षीदारांत माझंही नाव होतं. आमच्यात बोलणं नव्हतं. गाडीत मी खिडकीला, ती दुसऱ्या खिडकीला, मध्ये माझी भाकरीची पिशवी. अर्ध्या वाटेत तीच म्हणाली, "सालारच्या सलवारीची नाडी मी विणली होती. लाल आणि काळा दोरा, तीन पदरी. कुठंही बघितली तरी ओळखेन." मी पिशवीतून भाकरी काढली आणि अर्धी तिला दिली.

न्यायालयात आरोपींचा कठडा होता. पुढची, त्याची खुर्ची रिकामी. कुणी ती हलवलीही नव्हती. मागं त्याचे अधिकारी बसलेले, म्हातारे झालेले. त्यांतला एक गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला. आमच्या भागातून ट्रक नेण्याचे हुकूम यानंच दिले, असं सरकारी वकील म्हणाला. त्याला बघून माझे हात शिवशिवले. जोडा काढून फेकावासा वाटला.

वहिनीला विचारलं, पडद्याआडून बोलायचं का? "मी काय चोरी केलीय?" म्हणाली आणि उघड उभी राहिली. ट्रक, धूळ, सालारच्या हातातली तंबाखूची थैली, सगळं न अडखळता सांगितलं. दुभाषा अरबीत सांगत होता आणि त्याचाच आवाज मध्येच बसत होता. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुमची मागणी काय?"

तिच्याआधीच्या प्रत्येक साक्षीदारानं एकच मागितलं होतं. फाशी. मीही तेच मागणार होते. घरून पाठ करून आले होते.

वहिनी आधी रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिली. मग चष्मेवाल्याकडं बोट केलं.

"साहेब, याला फाशी देऊ नका."

सगळीकडं कुजबुज उठली. मागून कुणी तरी कुर्दीत ओरडलं, "लाज वाटत नाही का?" माझं तोंड तापलं. त्या गर्दीत मी तिची नणंद, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"दया नको," वहिनी म्हणाली. "कोठडीत घाला. रोज एक माणूस त्याच्यापुढं बसवा आणि विचारायला लावा, कुठं ठेवलेत? आज नाही आठवलं तर उद्या आठवेल. पहिल्याला तुम्ही घाईनं पाठवलंत, त्यानं सगळं बरोबर नेलं. हा एक तरी ठेवा, साहेब."

चष्मेवाल्यानं मान वर केली नाही. चष्मा पुसत बसला. त्याला जिवंत ठेवा म्हणणारी बाई समोर उभी होती, आणि तो तिच्याकडं बघायलाही धजत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझी पाळी आली. पाठ केलेलं सगळं विसरले. "वहिनी म्हणाली तेच माझं," एवढंच बोलले आणि खाली बसले.

गावात आमच्यावर लोक महिनोन्‌महिने थुंकले. दुकानदार वहिनीला म्हणाला, "खुनी वाचवणाऱ्यांना उधारी नाही." फाएकनं त्याच्याशी भांडण काढलं, आणि घरी येऊन माझ्याशीही काढलं. मी कुणाला समजवायला गेले नाही. मलाच अजून नीट समजलेलं नव्हतं.

मग उन्हाळ्यात निकाल आला. मी कणीक मळत होते, रेडिओ चालू होता. चष्मेवाल्याला फाशी. बाहेर कुणी तरी बार काढला. फाएक दारात आला, हसत होता, मला बघून थांबला.

मी तशीच, पिठाच्या हातांनी, वहिनीकडं धावले. ती अंगणात झाडत होती.

"वहिनी, त्यालाही देणार."

तिनं झाडू थांबवला. "बोलला का काही?"

"नाही."

ती खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. दुपारची बांग झाली तेव्हा आम्ही दोघींनी तिथंच चटई अंथरली. नमाज झाल्यावर मी हात वर केले. सालारच्या सख्ख्या बहिणीनं, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या चष्मेवाल्या कुत्र्याला खूप आयुष्य मिळावं म्हणून खुदाकडं पदर पसरला.