गवताने मूळ धरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडायची नव्हे, फुटबॉलच्या गोलाला मागून बांधतात ती. सध्या मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत चार खिळ्यांवर ताणून बसवलेली आहे. कबुतरांना आत येऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. ही कबुतरे समोरच्या स्टेडियममधून येतात. तिथे छताखाली त्यांची मोठी वस्ती आहे. खरे सांगायचे तर त्या स्टेडियममध्ये रोज नियमाने हजर राहणारा तेवढा एकच संघ आहे.

जाळीच्या भोकांना विणणारे लोक 'घरे' म्हणतात. मला अशी शेकडो घरे आहेत. शेकडो घरांची मालकीण आणि राहते खिळ्यावर, असे कोणी मला चिडवले तरी मी रागावणार नाही. या वयात राग तरी कोणावर धरायचा?

माझा जन्म एका भांडणातून झाला. तेव्हा समोर स्टेडियम नव्हते, उघडे मैदान होते. एका बाजूला छापखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला बंदराकडे जाणारा रस्ता, आणि मध्ये गवत कमी, माती जास्त. सुट्टीच्या दिवशी तिथे आमच्या वस्तीचा संघ खेळायचा. समोर कधी छापखान्यातले असत, कधी बंदरावरचे. गोल म्हणजे दोन खांब आणि वर एक आडवा पाइप, मागे काहीच नाही. त्यामुळे चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावरून सामना अडून बसायचा.

"गेला! गेला!"

"कुठं गेला? तुझ्या डोक्यावरून गेला!"

एकदा या वादात बेकरीतल्या भट्टीवाल्याचा पुढचा दात पडला. तो आमच्या संघाचा म्होरक्या. दात पडूनही त्याचा गोल धरला नाहीच.

मैदानाच्या कडेला एक बाई बसत. होड्यांच्या फाटलेल्या जाळ्या सांधणे हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना काकू म्हणत. त्यांची मुलगी आमच्या संघाची गोलकीपर होती, म्हणून त्या आपले काम घेऊन मैदानातच येऊन बसायच्या. भट्टीवाल्याचा दात पडला तशा त्या उठल्या.

"तुमचं हे गेला, नाही गेला ऐकून कान किटले माझे! थांबा जरा. पुढच्या खेपेला जो जाईल तो अडकेलच."

उरलेल्या दोऱ्यांतून त्यांनी मला विणले. म्हणून मी थोडी निळी, थोडी हिरवी आणि बरीचशी मळकट पांढरी आहे. दुसऱ्या टोकाच्या गोलासाठी माझी धाकटी बहीण विणली. त्या दिवसापासून भांडणे मिटली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चेंडू माझ्या पोटात दिसला की गोल, नाही दिसला की नाही. सगळे माझे कौतुक करायचे आणि मीही वाऱ्यावर जरा जास्तच फुगायची.

काकूंनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, ज्याचे मैदान त्याने जाळी आणायची. दुसरा, सामना संपला की हरलेल्या संघाने जाळी सोडून, झटकून काकूंच्या घरी पोचवायची. मग काकू फाटलेले घर बोटांनी शोधून तिथे गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, "झालं. आता पुढचा सामना." त्या असे म्हणाल्याशिवाय मला कोणी गोलाला बांधत नसे.

त्यांच्या मुलीला सगळे 'गोंद' म्हणत, कारण चेंडू तिच्या हाताला चिकटायचा. आम्हा दोघींचे नाते विळ्या-भोपळ्याचे. चेंडू माझ्यात यावा ही माझी हौस, आणि येऊ नये म्हणून ती जिवाचे रान करायची. तिच्या पाठीमागे उभी राहून मी कितीतरी सामने उपाशी काढले. तेव्हा मी तिच्यावर चरफडायची. आज ती पाठ आठवली की गलबलून येते.

मग एके दिवशी गळ्यात कार्ड अडकवलेले एक साहेब आले. साहेब वाईट नव्हते बरे का. त्यांना या खेळाचे खरेच वेड होते. देशात फुटबॉल वाढायचा असेल तर ठिकठिकाणी नवी स्टेडियम उभी राहिली पाहिजेत, आणि त्यातले एक इथे होणार, असे त्यांनी मैदानातच सगळ्यांना जमवून सांगितले.

"खेळाला आधी घर पाहिजे," ते म्हणाले. "घरच नसेल तर तो राहील कुठं?"

घर हा शब्द ऐकून काकूंनी मान हलवली. बाकीचे मात्र का कू करत होते.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागायचं होय?" भट्टीवाला म्हणाला.

तेव्हा काकू पुढे झाल्या. "अरे, माझी पोर इतकी वर्षं मातीत उड्या मारतेय. कोपरं बघा तिची, सोलून निघालीत. जरा हिरवळीवर पडू दे की तिला." मग त्या साहेबांकडे वळल्या. "पण साहेब, हिला तिथं खेळायला मिळेल ना?"

"काकू, पहिला सामना तुमचाच!" साहेब म्हणाले.

काकूंनी शब्द घेतला आणि काकूंच्या शब्दावर सगळ्यांनी होकार दिला. मैदानाला पत्र्याचे कुंपण पडले. त्या गडबडीत माझ्या बहिणीला एका ट्रकवाल्याने वाळूवरची ताडपत्री बांधायला नेले. ती परत आली नाही. मी काकूंच्या पलंगाखाली गेले.

स्टेडियम उभे राहिले. सुंदर होते, नाही कशाला म्हणू? उंच छत, रांगेने खुर्च्या, मध्ये हिरवेगार गवत. पण फाटक काही उघडेना. गोंद आणि भट्टीवाला विचारायला गेले की साहेब सांगायचे, "गवतानं मूळ धरू द्या, मग तुम्हीच खेळायचं." छत इतके उंच होते की अर्ध्या मैदानावर ऊनच पडत नसे. गवत पिवळे पडायचे, ते उपटून नवे लावायचे, आणि पुन्हा त्याने मूळ धरायची वाट बघायची.

होता होता वस्तीत ती म्हणच झाली. जिन्यातला दिवा कधी लागणार? गवत मूळ धरेल तेव्हा. छापखान्यातल्या मुकादमाचे लग्न कधी होणार? गवत मूळ धरेल तेव्हा. लोक हसायचे आणि हसता हसता काकूंना टोमणा मारायचे, "काय काकू, धरलं का मूळ?" काकू मान खाली घालून जिना चढायच्या. मैदान त्यांच्या शब्दावर गेले होते ना.

गोंद एका गोदामात पार्सले उचलायच्या कामाला लागली. संध्याकाळी ती गल्लीत, उभ्या गाड्यांच्या मध्ये सराव करायची. गोलकीपरचे वय उशिरा सरते म्हणतात, पण सरतेच. एकदाच, फक्त एकदा त्या हिरवळीवर खऱ्या गोलात उभे राहायचे, आणि आईने ते खुर्चीवर बसून बघायचे, एवढेच तिच्या मनात होते. हे तिने कोणाला सांगितले नाही. पलंगावर पडल्या पडल्या ती आईशी बोलायची, ते खाली मला ऐकू यायचे.

आणि एकदाचा निरोप आला. "रविवारी उद्घाटन आहे. वस्तीच्या संघानं हजर राहावं. सगळ्यांना घेऊन या."

काय सांगू मित्रांनो! भट्टीवाल्याने पोट आत घेऊन जुनी जर्सी चढवली. गोंदने हातमोजे धुऊन वाळवले. काकूंनी मला बाहेर काढले, एकेक घर तपासले, आणि कितीतरी दिवसांनी ते शब्द म्हणाल्या, "झालं. आता पुढचा सामना." मैदान आपले म्हणजे जाळी आपण न्यायची, हा नियम कोणाला आठवण करून द्यावा लागला नाही.

फाटकावर दरवानाने अडवले. "ही काय भानगड?"

"जाळी आहे. गोलाची," काकू म्हणाल्या.

"अहो, आत जाळ्या लावलेल्या आहेत."

"असतील. पण मैदान आमचं, जाळी आमचीच लागणार."

दरवान हसला. मग त्याला गोंदच्या हातातले मोजे दिसले आणि तो हसायचा थांबला. त्याने साहेबांना बोलावून आणले. साहेबांच्या कपाळावर घाम होता.

"काकू, जरा घोळ झाला बघा. आज मोठे संघ आलेत, टीव्हीवर दाखवणार आहेत. तुम्हाला बसायला बोलावलंय. गोलाच्या मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत."

"आणि पहिला सामना?"

"हा उद्घाटनाचा आहे. पहिला अजून व्हायचाय. गवतानं नीट मूळ धरलं की तुमचाच."

सगळ्यांना एकसारखे पिवळे शर्ट वाटले. गोंदने तो आपल्या जर्सीवरच चढवला. आम्ही गोलाच्या मागे बसलो. मी काकूंच्या मांडीवर होते. जन्मात पहिल्यांदा मी प्रेक्षक झाले होते, आणि मला ते मुळीच आवडले नाही.

काकू नव्या जाळीकडे टक लावून बघत होत्या. "एकही गाठ दिसत नाही गं."

"मशीनवर विणतात, आई."

"मग फाटली तर?"

"फाटली की टाकतात."

सामना सुरू झाला आणि एक खेळाडू चेंडू घेऊन आमच्या बाजूला धावत आला. गोंद खुर्चीवरच डावीकडे झुकली. तिथला गोलकीपर उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून गेला, नवी जाळी फुगली आणि सगळे लोक ओरडत उठले. काकू तेवढ्या बसून होत्या. त्या आपल्या लेकीकडे बघत होत्या. गोंदचे दोन्ही हात हवेत तसेच पसरलेले होते. तिने मोजे कधी घातले होते ते मलाही कळले नव्हते.

"तू अडवला असतास," काकू म्हणाल्या.

"हो."



नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही भरले नाहीत. मोठे संघ आले तसे गेले. फाटकाला कुलूप लागले. आमचा संघही हळूहळू पांगला. कोणाची बदली झाली, कोणाचे गुडघे बोलू लागले. वस्तीतल्या लहान मुलांनी मैदान पाहिलेच नव्हते, त्यांना खेळ कोण शिकवणार? खेळ वाढावा म्हणून जे बांधले, त्याच्याच सावलीत आमचा खेळ सुकला. मी तर असून अडचण नसून खोळंबा. शेवटी कबुतरांचा त्रास वाढला तेव्हा गोंदने मला खिडकीला ठोकले.

पुढे काकू आजारी पडल्या. त्यांचा पलंग खिडकीजवळ, माझ्यापाशीच ओढला होता. नजर अधू झालेली, पण सकाळी जाग आली की विचारायच्या, "धरलं का गं मूळ?"

"नाही अजून," गोंद सांगायची.

एका दुपारी डॉक्टर येऊन गेले. जाताना त्यांनी गोंदला दाराबाहेर नेऊन काही सांगितले. ती आत आली आणि काकूंनी विचारले, "धरलं का गं?"

गोंद खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्यासमोरच होते. तिने माझ्या एका घरात बोट अडकवले.

"धरलं, आई."

"खरंच?"

"साहेबांचा निरोप आलाय. रविवारी. पहिला सामना आपलाच."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "अगं मग बसलीस काय? जाळी आण!"

गोंदने मला खिळ्यांवरून काढून त्यांच्या अंगावर पसरले. धुळीने मी माखले होते. काकूंची बोटे माझ्या घराघरांतून फिरली. खिळ्यापाशी फाटलेले एक घर त्यांना सापडले. कधीकाळी त्या असा फास ओढायच्या की माझा जीव कळवळायचा. आता दोरा ओढायची ताकद नव्हती. तीन वेळा सुटला, चौथ्यांदा कशीबशी सैल गाठ बसली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता पुढचा सामना."

रविवार यायच्या आत काकू गेल्या.

रविवारी गोंदने मोजे घातले, मला खांद्यावर टाकले आणि ती स्टेडियमच्या फाटकापाशी गेली. मागून भट्टीवाला लंगडत आला. त्याच्या काखेत एक जुना चेंडू होता. दरवानाने विचारले, "काय पाहिजे?" गोंद म्हणाली, "काही नाही. दार उघडू नका." कुलपाच्या दोन्ही बाजूंना, फाटकाच्या गजांवर तिने मला चार टोकांनी बांधले आणि माझ्यापुढे उभी राहिली.

भट्टीवाल्याने चेंडू मारला. तिने अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. पोक आलेला तो म्हातारा आणि पिकल्या केसांची ती बाई, भर दुपारी बंद फाटकासमोर खेळत राहिली. एकही चेंडू तिने माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. कोपरे पुन्हा सोलून निघाली. ती कशासाठी एवढी झेपावतेय ते मला कळत होते. चेंडू लागला असता तर काकूंची ती सैल गाठ सुटली असती. आयुष्यभर चेंडूसाठी हपापलेली मी, त्या दिवशी मनात म्हणत होते, अडव गं, अडव.

शेवटी भट्टीवाला धापा टाकत खाली बसला. "एकही गोल नाही. मग हरलं कोण? जाळी कोणी पोचवायची?"

गोंदने माझी टोके सोडली. "आपणच हरलो की," ती म्हणाली, आणि मला झटकून घरी घेऊन आली.

तर मित्रांनो, मी पुन्हा खिळ्यांवर आहे. गाठ अजून टिकून आहे. तुमच्यातले कोणी उद्या गळ्यात कार्ड अडकवून मोठे होईल, नवी स्टेडियम बांधेल. जरूर बांधा, माझे त्याला काही म्हणणे नाही. पण पहिल्या सामन्याचा शब्द कोणाला दिला असेल, तर फाटकाला कुलूप लावताना एकदा बाहेर बघा. हातमोजे घालून तिथे कोणी उभे असेल, तर त्याला आधी आत घ्या. गवत काय, ते खेळता खेळताही मूळ धरते.