विटकरी फीत

आधीच सांगून ठेवते, मी आज माझ्या लेकीचं कौतुक करणार आहे आणि पोटभर करणार आहे. आईनं केलेलं कौतुक ज्यांना खुपतं त्यांनी खुशाल उठून जावं, दार उघडंच आहे.

आमचं एक कॉयर आहे. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथे आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी गायला जमतो. हॉल मिळाला तो आमच्यातले दोघे खालच्या दलात आहेत म्हणून. त्यामुळे खाली घंटा झाली की ते दोघे गाणं अर्धं टाकून जिन्यावरून धडाधडा पळतात, आणि आम्ही त्यांच्याशिवाय पुढे रेटतो.

कॉयरमध्ये चार थर असतात. वरच्या आवाजाच्या बायका, खालच्या आवाजाच्या बायका, वरच्या आवाजाचे पुरुष आणि खालच्या आवाजाचे पुरुष. चौघांची चाल वेगळी, पण गायचं एकाच वेळी. मुख्य चाल बहुतेक वेळा वरच्या बायकांकडे असते आणि घरी जाताना लोक तीच गुणगुणतात. मी खालच्या बायकांतली. आमच्या वाट्याला काय, तर एक सूर धरून उभं राहायचं, मग जरा खाली यायचं, मग पुन्हा वर जाऊन उभं राहायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मी कपडे दुरुस्तीच्या दुकानात कोटांना अस्तर लावते. अस्तराकडे कोणी बघत नाही, पण काढून बघा ना एकदा, कोट कसा लोंबतो ते.

लेक ऍनिमेशन करते, म्हणजे चित्रं हलवते. जाहिरातीतले हसणारे दात तिचे. नाचणारे मोजेही तिचेच. "एवढं शिकलीस ती मोजे नाचवायला का गं?" असं मी म्हटलं की ती चिडायची, कारण तिलाही ते मनातून खात होतं. मग यंदा आमच्या बाईंनी, म्हणजे कॉयर बसवतात त्या बाईंनी, ठरवलं की वार्षिक कार्यक्रमात मोठ्या रचनेच्या वेळी मागे पडद्यावर काहीतरी चित्र असावं. लेक म्हणाली, मी करते. आयुष्यात पहिल्यांदा चित्राखाली तिचं स्वतःचं नाव येणार होतं.

ती रचना फार जुनी आहे, आम्ही ती दर वर्षी गातो. कोणी लिहिली माहीत नाही, शब्द आता कोणी बोलत नाही अशा भाषेतले, आणि वाद्य एकही नाही. नुसते गळे. लेकीनं ठरवलं की प्रत्येक थराची एक कापडी फीत करायची. सूर चढला की फीत वर, उतरला की खाली, जोर वाढला की रुंद. वरच्या बायकांची पिवळी, पुरुषांच्या निळी आणि जांभळी, आणि आमची विटकरी. विटकरी का, तर आमच्या दुकानाच्या मालकानं कधीकाळी विटकरी अस्तराचे ढीगभर तागे उचलले होते, आणि पुढे कित्येक वर्षं गावातला प्रत्येक कोट आतून विटकरी निघायचा. लेक शाळेतून आली की माझ्या टेबलाखाली त्याच चिंध्यांत बसायची. वर माझं मशीन चालायचं आणि मशीनच्या आवाजावर माझं गाणं.

महिनाभर तिच्या खोलीचं दार बंद होतं. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. शेवटी एका गुरुवारी तिनं हॉलमध्ये खुर्च्यांवर खुर्च्या रचून प्रोजेक्टर ठेवला, दिवे घालवले आणि आमच्याच सरावाचं रेकॉर्डिंग लावून चित्र सुरू केलं.

काय सांगू! पडद्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आमची विटकरी फीत. तिचा पोतसुद्धा दिसत होता. ती श्वास घेतल्यासारखी फुगत होती, वळत होती, आणि पिवळी, निळी, जांभळी तिच्या कडेनं झालरीसारख्या लुडबुडत होत्या. मी शेजारणीचा हात असा दाबला की ती ओरडली. दिवे लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग माझ्या लक्षात आलं की टाळ्या फक्त आम्ही खालच्या बायकाच वाजवतोय.

वरच्या बायकांची पुढारीण उठली. तिला आम्ही आपसात शिट्टी म्हणतो. का ते तिचा वरचा सूर ऐकलात की कळेल. "छान आहे हो," ती म्हणाली, "पण गाणं आमच्याकडे आहे आणि आम्हालाच झालर केलंय." मग माझ्याकडे बघून, "आईचीच लेक ती, दुसरं काय होणार!"

"मी काय तिचा हात धरून काढून घेतलंय का?" मी उठलेच. बाईंनी हात वर केला तशी मी बसले, पण धुसफुसतच.

बाईंनी लेकीला विचारलं, "ही विटकरी मधे का घेतलीस?"

"म्हणजे?" लेक म्हणाली. "गाणं तेच आहे ना? बाकीचे त्याच्या आजूबाजूला गातात."

शपथ घेऊन सांगते, पोरीला खरंच तसं वाटत होतं. तिनं जन्मापासून ते गाणं ऐकलं ते माझ्या तोंडून. भांडी घासताना, मशीनवर, तिची वेणी घालताना. तिचे बाबा दाढी करताना शिट्टीवर वाजवतात तेही माझंच. कार्यक्रमाला यायची ती, पण शाळा सुटल्यावर पोर कसं शंभर बायकांत नेमकी आपली आई हुडकतं, तसा तिचा कान पन्नास गळ्यांत माझी चाल हुडकायचा. उरलेलं सगळं तिच्या लेखी सजावट.

अख्खा हॉल हसला. खालच्या आवाजाचे पुरुष तर मांड्या थोपटून हसले. लेकीचे कान लाल झाले. "दात काय काढताय?" मी म्हटलं, पण ऐकतंय कोण.

बाई हसल्या नाहीत. "फीत देखणी आहे," त्या म्हणाल्या. "पण हे या रचनेचं चित्र नाही, तुझ्या घराचं आहे. कार्यक्रमाआधी बदलता आलं तर लावू. नाहीतर पडदा नको, नुसतंच गाऊ."

घरी आल्यावर लेकीनं बॅग कोपऱ्यात भिरकावली. "नाही करायचं मला. माझे मोजेच बरे."

तिच्या बाबांना झालेलं सगळं मी सांगितलं, तर ते चहाचा कप हातात धरून गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे ते गाणं नव्हेच? मग मी इतकी वर्षं दाढी करताना काय वाजवतोय?"

लेक रडता रडता हसली. मग पुन्हा रडली. "आई, तू कधी सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? गाणंच आहे ते. फक्त चारातला पाव हिस्सा आहे."

आता मनातलं बोलते. मला ती फीत तशीच हवी होती. आम्हा खालच्या बायकांना कोणीतरी एकदा मधोमध बसवलं होतं, आणि ते कोणी, तर माझ्या पोटच्या पोरीनं. वाटलं, राहू दे की असंच, शिट्टीचं नाक जरा ठेचलं जाईल. पण असं चित्र लावायला बाई तयार नव्हत्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. अस्तर बाहेरून लावलेला कोट घालून माझी लेक चारचौघांत गेली असती आणि लोक असेच हसले असते. ते मला चाललं नसतं. चूक ती चूक.

"पुढच्या गुरुवारी ये," मी म्हटलं, "आणि शिट्टीच्या मांडीला मांडी लावून बस."

"त्या मला खातील."

"खाऊ देत. कान उघडे ठेव म्हणजे झालं."

आली बिचारी. आणि शिट्टीचं जे आहे ते म्हणायलाच हवं, तिनं स्वतःची उशीची खुर्ची पोरीला दिली आणि सगळा वेळ कागदावर बोट फिरवून तिला आपली चाल दाखवत राहिली. त्यानंतर लेक पुरुषांत बसली. मधेच घंटा झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे गडी पळाले, तशी ती एकटीच मधे राहिली, पण उठली नाही. सगळ्यात शेवटी ती आमच्यात येऊन बसली, माझ्या शेजारी.

त्या रचनेत शेवटाकडे एक जागा आहे. बाकीचे तिघे येऊन एका सुरावर थांबतात, आणि आम्ही खालच्या बायका मात्र आधीचाच सूर धरून राहतो. तो त्यांना खुपतो, चपलेत खडा गेल्यासारखा. ऐकणाऱ्यालाही वाटतं, अरे, काहीतरी करा. मग आम्ही एक पायरी उतरतो आणि सगळं जागच्या जागी बसतं. तिथे लेकीनं माझी बाही घट्ट धरली.

"आई, हे तुम्ही करता? मला वाटायचं बाकीचे सरकतात."

"ते कुठले सरकतायत! ते उभे खांबासारखे. आम्ही उतरतो म्हणून त्यांना बरं वाटतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि कोट खुर्चीवर विसरून घरी पळाली. मी मागून कोट घेऊन गेले, तोवर दार बंद झालेलं होतं.

या खेपेला तिनं मला काही दाखवलं नाही. बाईंनी एकट्यांनी पाहिलं आणि "चालेल" म्हणाल्या. आमच्या बाईंचं "चालेल" म्हणजे इतरांचं सुवर्णपदक. मी लेकीला खोदून खोदून विचारलं, "शिट्टीला मधोमध बसवलंस ना? आम्हाला कुठे टाकलंस?"

"कार्यक्रमात कळेल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं ए, आम्ही लोकांकडे तोंड करून उभ्या असतो. पडदा आमच्या पाठीशी! मी बघणार कशी?"

"मग नको बघूस," कार्टी हसत म्हणाली.

मी बाईंना जाऊन सांगितलं, समोरच्या भिंतीला एक आरसा लावा. बाई म्हणाल्या, "जी मान वळवेल ती पुढचं वर्षभर खुर्च्या मांडेल." आता बोला! माझ्या लेकीचं काम सगळं गाव बघणार आणि आई पाठ फिरवून उभी.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आमचे हे, आणि त्यांच्या शेजारी नेमका शिट्टीचा नवरा, टकलू, फरशीच्या दुकानाचा मालक. लेक पार मागे, प्रोजेक्टरजवळ. चित्र आमच्या पुढेमागे होऊ नये म्हणून ती बाईंच्या हाताकडे बघत स्वतः बटणं दाबून ते पुढे नेणार होती. दिवे मंद झाले. बाईंनी हात उचलला आणि आम्ही सुरू केलं.

लोकांचे चेहरे पिवळे झाले. पडदा चालू झाल्याचं मला तेवढ्यावरूनच कळलं. पिवळा शिट्टीचा, असू दे, हक्काचंच आहे त्यांच्या. मग त्या पिवळ्यात निळ्या लाटा आल्या, जांभळ्या आल्या. टकलावर तर सगळं फारच छान दिसत होतं. मी गात होते आणि रांगेमागून रांग शोधत होते. विटकरी कुठेच नाही. एक ठिपकासुद्धा नाही. पार गाळलंच की काय हिनं आम्हाला? मला राग आला, आणि राग मी गिळला, कारण रागानं सूर चढतो आणि बाईंना ते तिथल्या तिथे कळतं.

मग ती जागा आली. तिघे येऊन थांबले. आम्ही आमचा सूर धरला.

समोरचा पिवळा विझला. निळा विझला, जांभळा विझला. क्षणभर सगळं नाट्यगृह अंधारात, नुसते सूर, आणि त्यांत खुपणारा आमचा. आणि मग पहिल्या रांगेच्या गुडघ्यांवर विटकरी रंग आला. तो हातांवर चढला, चेहऱ्यांवर चढला, तिसऱ्या रांगेत आमच्या ह्यांच्या चष्म्यावर आला, टकलावर आला, मागच्या भिंतीपर्यंत, दारांपर्यंत, छताच्या कडेपर्यंत गेला. माझ्या टेबलाखालचा तो रंग, अख्ख्या नाट्यगृहाला आतून लावलेला. माणसं तोंड उघडं टाकून माझ्या डोक्यावरून बघत होती. आमच्या ह्यांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि बोट दाखवलं. ओठ मला स्वच्छ वाचता आले: "ते आमचं."

बाईंचा हात खाली आला. आम्ही पायरी उतरलो, आणि त्या विटकरीतूनच पिवळा, निळा, जांभळा एकदम उमलून वर आले.

मी मान वळवली नाही. डोळे भरले होते, गळा मात्र हलला नाही. हे लिहून घ्या कोणीतरी.

टाळ्या थांबेनात. बाईंनी लेकीला वर बोलावून तिचं नाव घेतलं, माझ्या लेकीचं, आणि लोक उभे राहिले. त्या गोंधळात शिट्टीनं माझा हात ओढला. "अगं, मागे होतं तरी काय? माझा नवरा चक्क रडतोय!"

"अस्तर," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही. पण तिनं माझा हात सोडला नाही आणि मीही तो काढून घेतला नाही.

घरी चालत निघालो. हे खुशीत येऊन शिट्टी वाजवायला लागले. ऐकते तर काय, वरच्या बायकांची चाल!

"अहो, हे काय?" मी म्हटलं. "आपलं वाजवा."

"बरं बाई, आपलं," म्हणून त्यांनी चाल बदलली. लेक त्यांच्या दंडाला धरून चालत होती. "बाबा, तुम्ही तेच धरा, सोडू नका," ती म्हणाली आणि तिनं वरून शिट्टीची चाल धरली. दोघे रस्त्याच्या दिव्याखालून पुढे निघाले, ती वर, हे खाली.

मी मुद्दाम मागे राहिले. इतकी वर्षं गायलेली ती चाल मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होते. हे त्या शेवटच्या पायरीला दर वेळी चुकत होते. चुकू देत.