उभं पीक

सुनेने गव्हाच्या दोन ओळींमध्ये हात घातला आणि एक रोप मुळासकट उपटलं. दुरून पाहणाऱ्याला तेही गहूच वाटलं असतं. पात तशीच, उंची तशीच. पण त्याची ओंबी गव्हाची नव्हती. बारीक होती, मऊ होती, मांजरीच्या पिल्लाच्या शेपटीसारखी. तिने ती तळहातावर चोळली आणि एक दाणा नखाखाली दाबला. नुसतं पाणी निघालं.

"अजून भरलेलं नाही," ती म्हणाली. "आत्ता कापलं तर बी खाली पडणार नाही."

सासरे बांधावर उभे होते. कापायचं म्हणजे नेमकं काय, असं त्यांनी विचारलं.

"हा ओढ्याकडचा सगळा तुकडा, मामंजी. गव्हासकट."

सासऱ्यांनी तिच्या हातातल्या रोपाकडे पाहिलं, मग वाऱ्यावर हलणाऱ्या शेताकडे. गहू पोटरीतून नुकताच बाहेर पडला होता. दाणा धरायला लागला होता. ते घराकडे वळले.

हे गवत काही वर्षांपूर्वी ओढ्याच्या काठाने आत आलं होतं. सुरुवातीला तणनाशक मारलं की ते पिवळं पडून मान टाकायचं. मग त्यातलं थोडं पुन्हा उठून बसायला लागलं. सासऱ्यांनी कंपनी बदलली, पंपाचं नोझल बदललं, दुकानदाराशी भांडून झालं. यंदा सुनेने वेगळंच काही केलं. त्या गवताचं बी जुन्या ट्रेमध्ये पेरून तिने ते मागच्या दाराशी ठेवलं. एका ट्रेवर नेहमीचं औषध मारलं, दुसऱ्यावर दुप्पट. दोन्ही ट्रे हिरवेगार राहिले. सासरे म्हणाले, पाणी जड असेल. तिने पावसाचं साठवलेलं पाणी घेऊन पुन्हा फवारलं. गवत उलट जरा टवटवीतच दिसायला लागलं. त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं आपण मरणारं गवत तेवढं मारत आलो आणि न मरणारं बियाण्यासाठी राखून ठेवलं.

रात्री जेवताना विषय निघालाच. तिचा नवरा बाजारपेठेत ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने दोघांचंही ऐकून घेतलं, दोघांचंही बरोबर आहे म्हणाला आणि मगाशीच धुतलेले हात पुन्हा धुवायला उठून गेला.

सासरे ताटाकडे बघत बोलत होते. उभं हिरवं पीक त्यांनी जन्मात कापलं नव्हतं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला. आणि आज हा तुकडा कापला की उद्या पुढचा; मग औषध बंद, मग पुन्हा हातात खुरपी.

"तुला ते दिवस माहीत नाहीत," ते सुनेला म्हणाले. "या घरातल्या बायका सकाळी वाकायच्या, त्या अंधार पडल्यावरच उभ्या राहायच्या. हिची कंबर बघवत नव्हती मला. म्हणून फवारणीचा पंप आणला मी. शेजारीपाजारी हसले, तरी आणला."

सुनेला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, सासऱ्यांचा जीव त्या पंपात अडकलाय तो निव्वळ हट्टापायी.

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"माझ्या कंबरेला मध्ये आणू नका," त्या म्हणाल्या. "तेव्हा पंप आणलात, बरं केलंत. आता ती वाका म्हणत नाहीये. उभ्याउभ्या कापू म्हणतेय."

मग सुनेने सगळं नीट समजावून सांगितलं. कापलेलं पीक हिरवा चारा म्हणून गोठेवाला न्यायला तयार होता. त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं गहू घ्यायचा नाही. गुरांच्या चाऱ्याचा लसूणघास लावायचा, म्हणजे दर महिन्या-दीड महिन्याने कापणी होईल आणि गवताला बी धरायला उसंतच मिळणार नाही. बाकीच्या शेतात औषध चालू ठेवायचं, पण एकच नाही, वेगवेगळी आलटूनपालटून. सासऱ्यांनी ऐकलं की नाही, ते कळलं नाही. ते पाणी पिऊन झोपायला गेले.

सकाळी ती चहा ठेवत होती, तेव्हा ओढ्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. चहा तसाच टाकून ती धावली. सासरे सीटवर ताठ बसून कापणीचं यंत्र चालवत होते. मागे हिरव्या गव्हाचे पट्टे आडवे पडत होते. तिने आदल्या दिवशी काठ्यांना चिंध्या बांधून हद्द आखली होती. ट्रॅक्टर त्या काठ्या ओलांडून बराच पुढे आला होता. ती हात हलवत आडवी गेली, तसं त्यांनी इंजिन बंद केलं.

"मामंजी, हद्द मागे राहिली."

"तू चुकीची आखलीस," ते म्हणाले. "इथेही आहे. पंधरा दिवस बघतोय मी." आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

दुपारच्या आत पलीकडच्या शेताचा मालक आला. याला सगळे कर्नल म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता, पण दिसेल त्याला हुकूम सोडायचा. सासऱ्यांचा तो शाळेपासूनचा सोबती. सून गोठेवाल्याच्या गाडीत चारा भरत होती. कर्नलचं हातवारे करून चाललेलं बोलणं तिला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सासरे खाली उतरले. त्यांनी कर्नलचं मनगट धरलं आणि त्याला बांध ओलांडून त्याच्याच गव्हात नेलं. दोघंही वाकले. कर्नलने काहीतरी उपटलं, डोळ्यांजवळ धरलं. मग दोघं थोडं पुढे गेले आणि पुन्हा वाकले. बराच वेळ शेतात नुसत्या दोन पाठी दिसत होत्या.

परत आले तेव्हा कर्नलचा आवाज उतरला होता. कापणीचं यंत्र कधी मोकळं होईल, असं त्याने सासऱ्यांना विचारलं.

"मला काय विचारतोस?" सासरे म्हणाले. "सूनबाईला विचार. शेत ती बघते."

सुनेने हातातला भारा गाडीत टाकला. हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. तिने पदराने कपाळ पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"उद्या सकाळी घेऊन येते, काका," ती म्हणाली. "पण आधी यंत्र धुवावं लागेल. पाती, चाकं, सगळं. इकडचं बी तिकडे नको."

कर्नलने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे दुसरीकडेच बघत होते.

"पाइप कुठे आहे?" कर्नलने विचारलं आणि बाह्या वर सारल्या.