पंच्याण्णवच्या वरचे साहेब

आमच्या गावात कोणतंही काम कच्चं झालं की लोक म्हणायचे, 'डोमाची दाबणी.' भारा सुटला, डोमाची दाबणी. पोराचा नाडा सुटला, तरी डोमाची दाबणी. डोमा म्हणजे माझा नवरा, मजुरांवरचा मेट. गेल्या वर्षी यांनी मजूर लावून दाबून घेतलेली तलावाची पाळ फुटली, तेव्हापासून हे सुरू. शेजारचा जागेश्वर तर दिवसातून चारदा म्हणायचा. त्याचं तोंडच दाबावंसं वाटे.

यंदा पाळ पुन्हा बांधली. पवनीहून इंजिनिअर मोनिका मॅडम येऊन यांना बजावून गेल्या, "उद्या प्रॉक्टर बघू. पंच्याण्णवच्या वर आला तर ठीक. नाहीतर सगळी माती उकरायची आणि मेट दुसरा."

हे घामेघूम होऊन घरी आले. "शकुन, परॉक्टर सायेब येऊन राहिले! पंच्यान्नवच्या वरचे हायेत!"

"अजी, एवढा म्हातारा नोकरीवर काहून ठेवला?"

"मोठा मानूस असन. पाळीवर त्याहिचा पाय रुतला तं मी गेलो कामातून!"

झालं. रोलर फिरलेल्या पाळीवर यांनी पुन्हा पाणी शिंपलं आणि अख्ख्या गावाच्या हाती धुम्मस दिलं. दिवस मावळेपर्यंत आम्ही माती ठोकत होतो. जागेश्वरही ठोकत होता, कुरकुरत. सकाळी मी मऊ पेज रांधली. त्या वयात दात कुठले? पाळीवर खुर्ची मांडली, वर उशी.

मॅडम जीपमधून एकट्याच आल्या. खड्डा खणला, माती तोलली, हिशोब केला आणि ओरडल्या, "डोमाजी, प्रॉक्टर अठ्ठ्याण्णव आला!"

हे जीपकडे धावले. "कुठं हायेत? हात धरून आनतो!"

मॅडम हसत हसत त्याच खुर्चीत कोसळल्या. "अहो, प्रॉक्टर हे अमेरिकेतल्या एका इंजिनिअरचं आडनाव. माती किती टक्के घट्ट बसली ते तपासायची रीत त्यांनी काढली, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. ते केव्हाच वारले."

यांनी टोपी काढली. "वारले? आन आमी पेज करून ठेवली."

मग हळूच म्हणाले, "चांगल्या कामालेबी मानसाचं नाव देतेत का मॅडम?"



पाळ पावसाळाभर हलली नाही. परवा जागेश्वरने अंगणात नवा ओटा घातला. त्यावर टाच आपटून बायकोला म्हणाला, "पाह्य, कसा पक्का! डोमाची दाबणी!"

मी घरी येऊन यांना सांगितलं. त्या रात्री हे पेज दोन वाट्या जास्त प्यायले.