देवगाव फाट्याचा वार्ताहर

उजवा हात प्लास्टरात हाय, पुढचे दोन दात पडलेत, डावा डोळा अजून उघडत न्हाई. म्हणून मी बोलायलोय अन् माझी लेक सुकेशनी लिहून घ्यायली. तिला दम दिलाय, एक शब्द गाळलास तर याद राख. गाळण्यातच माझी एकोणीस वर्षं गेली.

मी दत्तराव, चारठाण्याचा. 'दैनिक दुधनाकाठ'चा जुना वार्ताहर. लिंगराजअप्पांनी परभणीत हा पेपर काढला त्याला यंदा पन्नास वर्षं झाली. अप्पा गेले, आता त्यांचा सोमेश्वर संपादक हाय. त्याचा मला फोन आला.

"काका, सुवर्णमहोत्सवी अंकात पेपरचा इतिहास तुमीच लिहा. तुमच्याएवढं जुनं कोणी उरलं न्हाई. अन् सटवाजीमामांवर एक चौकट घ्या, फोटोसकट. पेपरसाठी जीव देणारा वार्ताहर."

सटवाजीवर चौकट, अन् ती मी लिहायची!

आमच्या पेपरात बातमी देणाऱ्याचं नाव छापत नसत. वर गावाचं नाव अन् पुढं 'वार्ताहर', एवढंच. पण खेड्यात पेपर विकणारा अन् बातमी देणारा माणूस एकच असतो. गावाचं नाव वाचलं की शेंबडं पोरगंबी सांगतं, ही कोणी लिवली ते. म्हणून बातमी जड असली की अप्पा गाव बदलायचे. "बातमी खरी असली म्हणजे झालं, गाव कोणतंबी असू दे," म्हणायचे.

एकोणीस वर्षांमागं बालाजी वाळूवाल्याच्या नदीतल्या खड्ड्यात दोन मजूर गाडले गेले. त्यानं त्यांना बाहेर काढलं न्हाई, वरून जेसीबीनं वाळू लोटायला लावली. मी काठावरच्या बाभळीआडून बघायलो होतो. एकाचा हात वर राहिला होता. बोटं हलायली होती. त्याच्यावरच जेसीबीचा दात पडला.

मी बातमी लिहिली. खाली लिहिलं, 'अप्पा, गाव बदला. घरात लेकरं हायेत.' अप्पांनी गाव टाकलं, देवगाव फाटा. फाट्यावर आपला वार्ताहरच न्हाई, कोणाला धरतेत, असं त्यांना वाटलं.

वार्ताहर नव्हता, पण सटवाजी होता ना! एसटीतून पेपरचे गठ्ठे उतरवून घ्यायचा, लिंबाखाली पोतं टाकून विकायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. वरच्या नावाच्या रंगावरून पेपर ओळखायचा, सही म्हणून अंगठा लावायचा. बातम्यांची माझी पाकिटंबी तोच परभणीच्या कंडक्टरकडं द्यायचा. ते पाकीटसुद्धा त्याच्याच हातून गेलं होतं.

बातमी छापून आली त्या सकाळी मी माझा गठ्ठा न्यायला फाट्यावर आलो. हॉटेलच्या बाकड्यावर चहा घेऊन बसलो, तोवर दोन जीपा येऊन थांबल्या. बालाजी स्वतः उतरला.

"पेपरवाला कोण हाय रे इथला?"

सटवाजीनं हसून हात वर केला. "मी की मालक. कोणता देऊ?"

केसाला धरून त्याला रस्त्यावर ओढला. पहिला लोखंडी पाइप गुडघ्यावर बसला. वाळलेली तुराटी मोडल्यावानी आवाज आला. बालाजीनं पेपर काढून मोठ्यानं वाचलं, "देवगाव फाटा, वार्ताहर. ही बातमी कोणी लिवली रे भाडखाऊ?"

सटवाजीनं माझ्याकडं बघितलं. मी आठ पावलांवर होतो. नुसतं बोट दाखवलं असतं तरी तो सुटला असता.

"मीच लिवली," तो म्हणाला.

त्यांनी त्याच्या तोंडात पेपरचा बोळा कोंबला. पालथा पाडून पाठीवर, बरगड्यांवर पाइप घातले. उजवा हात रस्त्याकडंच्या दगडावर धरला अन् हातोड्यानं एकेक बोट चेचलं. "लिही आता, लिही!" कोंबलेल्या पेपरातून रगत यायलं होतं. फाट्यावर पन्नास माणसं होती, सगळे मुर्दाड! अन् त्यांच्यातला सगळ्यात मोठा मुर्दाड मी. माझ्या हातातला चहा थंड झाला होता. तो मी पिऊन टाकला. का पिलो, ते मला आजपत्तुर कळलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी सटवाजी मेला. ठाण्यात विचारलं, कोणी बघितलं? मीबी म्हणलो, न्हाई बघितलं. बालाजी सुटला अन् फुगत गेला. अप्पांना खरं ठाऊक होतं, तरी पेपरनं छापलं, 'आमचे झुंजार वार्ताहर सटवाजी'. तेव्हापासून दर वर्धापनदिनाला त्याच्या बायकोचा, धुरपताबाईचा सत्कार. शाल-नारळ द्यायचा माझ्या हातानं. दर साली ती म्हणायची, "अवो, माझ्या मालकाला लिवाय येत न्हवतं." लोक म्हणायचे, म्हातारी साधी हाय.

यंदा मी इतिहास लिहिला तो सगळा खरा लिहिला. सोमेश्वरनं ते पानच काढून टाकलं. पहिल्या पानावर बालाजीची जाहिरात होती अन् समारंभाला पाहुणाबी तोच. मी फोनवर ओरडलो, "अरे लाज वाटू दे! बापाच्या पेपरवर मुतायला बोलावलंस का त्याला?" सोमेश्वरनं फोन ठेवून दिला.

मग मी समारंभाला गेलो. धुरपताबाईला शाल दिली, नारळ दिला अन् माईक धरला. "ती बातमी सटवाजीनं लिवली न्हाई. मी लिवली. त्यानं मला वाचवलं अन् मी चहा पीत बसलो. अन् त्याला मारणारा हा बघा, हार घालून बसलाय!"

बालाजीची माणसं तुटून पडली. खुर्च्या पाठीत घातल्या, डोळ्यावर बूट बसला, समई उचलून हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखला. मार खाताना, खरं सांगतो, बरं वाटायलं होतं.

तेवढ्यात गर्दी सारून धुरपताबाई आली. वाटलं, सोडवायला आली. तिनं हातातला नारळ सगळ्या ताकदीनं माझ्या तोंडावर हाणला. हे दोन दात तिनं पाडलेत.

"एकुणीस वर्सं!" ती किंचाळली. "एकुणीस वर्सं तुझ्या हातचा नारळ घरी नेऊन खाल्ला की रे मी, दत्त्या!"

बालाजीची माणसंसुद्धा हात थांबवून बघायला लागली.

आज सकाळी ती दवाखान्यात आली. वाटलं, आता चप्पल काढती. ती खाटेजवळ उभी राहिली, प्लास्टरकडं बघायली.

"ठाण्यात बोलतूस का, समदं? बघितल्यालं?"

"बोलतो वैनी. पण ह्या हातानं सही होत न्हाई."

तिनं माझा डावा हात उचलून अंगठा चाचपून बघितला.

"ह्यो लाव," ती म्हणाली. "त्याचाबी अंगठाच हुता."